शुक्रवारी संध्याकाळी उतरणारी बॅटरी

"बारा पूर्णांक सात व्होल्ट," वायरमनने मीटरवरचा आकडा वाचला. "बॅटरी भरलेली आहे, साहेब. ठणठणीत."

"मग गेल्या शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला मेलेली कशी होती?" वहिनींनी विचारलं. "सामान भरून आलो तर आत दिवा लागेना, नळाचा पंप चालेना. तसेच परत गेलो. तिसऱ्यांदा."

वायरमनचीही ही तिसरीच फेरी होती. पहिल्या फेरीत त्याने बॅटरी बदलली होती, दुसऱ्या फेरीत सगळ्या जोडण्या घासूनपुसून घट्ट केल्या होत्या.

साहेब आणि वहिनी या नवराबायकोची ही छोटी कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घरच, गावाबाहेरच्या भाड्याच्या आवारात उभी असे. प्रत्येक जागेपाशी विजेचा खांब होता, पण त्यातून वीज मिळे ती संध्याकाळी सहा ते सकाळी सहा. तेवढ्या वेळात चार्जर आतली बॅटरी भरून काढी.

"चार्जरच गेला असेल," साहेब म्हणाले. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला लॅपटॉपची बॅग. ऑफिसला जाता जाता आले होते.

वायरमनने आपल्या गाडीतून वीज देऊन चार्जर तपासला. चौदा पूर्णांक चार. नवा घेतला तरी याहून चांगला मिळाला नसता. मग त्याने सगळी बटणं बंद करून चोरवाटेने वीज कुठे जाते का ते मोजलं. जात होती, पण नावापुरती.

"एवढ्याने बॅटरी उतरायला सहा महिने लागतील," तो म्हणाला.

"आमची पाच दिवसांत उतरते," वहिनी म्हणाल्या आणि घड्याळाकडे बघून आपल्या चष्म्याच्या दुकानाकडे निघाल्या.

त्या लांब गेल्यावर साहेबांनी आवाज खाली आणला. "मिस्त्री, काहीतरी करा हो. रविवारी एक जण बघायला येतोय. दोष सापडला नाही तर बायको ही व्हॅन विकून मोकळी होईल."

"विकली तर काय बिघडलं? तशीही कुठे जात नाही."

"नाही, विकायची नाही," साहेब म्हणाले. एवढंच.

ते फोन घ्यायला बाहेर गेले तेव्हा वायरमनने पलंगाखाली, बॅटरीशेजारी, नोंद ठेवणारा लहानसा डबा बसवला. दर पाच मिनिटांनी किती वीज गेली ते त्यात टिपलं जाई. गिऱ्हाइकाला तो याबद्दल कधी सांगत नसे. सांगितलं की माणसं जपून वागतात आणि दोष दडून बसतो. खिडकीशी वहिनींचं तोंड दिसल्यासारखं त्याला वाटलं. विसरलेली छत्री न्यायला त्या परत आल्या होत्या; ती घेऊन वळल्या.

पुढच्या सोमवारी तो न कळवताच आला. दुपारचे साडेचार झाले होते, ऊन मी म्हणत होतं. कॅरव्हॅनचं दार सताड उघडं होतं. पायरीशी बूट नीट जोडीने ठेवलेले. आत साहेब अनवाणी बसले होते, शर्ट पाठीला चिकटलेला. समोर लॅपटॉप, एक कप, जेवणाचा रिकामा डबा. छतावरचा पंखा बंद होता.

"फाइल राहिली होती," साहेब उठून म्हणाले. "ती घ्यायला आलो."

वायरमनने मीटर लावला. दहा पूर्णांक दोन. बॅटरी पार उतरली होती. म्हणजे फक्त शुक्रवारीच नव्हे.

"आवाराचा पहारेकरी येत असेल दुपारचा झोपायला," साहेब म्हणाले. "त्याच्याकडे किल्ली असते."

वायरमनने पलंगाखालचा नोंदीचा डबा सोडवला आणि नोंद आपल्या लॅपटॉपवर उघडली. सोमवार ते शुक्रवार, रोज सकाळी पावणेदहाला वीज जायला सुरुवात. पंखा, दिवा आणि लॅपटॉप यांना लागते तेवढी. चारच्या सुमारास सगळं गप्प. शनिवार, रविवार रेघ सपाट. पहारेकऱ्याकडे कुठला आलाय लॅपटॉप? उगाच चोर सोडून संन्याशाला फाशी.

साहेबांनी ती रेघ पाहिली आणि पायरीवरचे बूट जवळ ओढले. "बायकोला चार्जर गेलाय एवढंच सांगा."

"पण चार्जर चांगला आहे."

"मला माहीत आहे. तरी तेच सांगा."

वायरमन चक्रावला. कुठेतरी पाणी मुरत होतं, पण साहेब ताकास तूर लागू देत नव्हते. बाईची भानगड म्हणावी, तर कप एकच. निघताना त्याने मान डोलावली, पण कशाला होकार दिला ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो चष्म्याच्या दुकानात गेला. वहिनी एक काच पुसत होत्या.

"चार्जर गेलाय, वहिनी. नवा टाकतो."

"आणि तो डबा काय म्हणतो? पलंगाखाली लावलात तो?"

वहिनींनी हात पुढे केला. त्याने खिशातून नोंदीचा कागद काढून दिला आणि आता काय होतंय म्हणून दाराकडे सरकून उभा राहिला.

वहिनींचं बोट सोमवारपासून शुक्रवारपर्यंत सावकाश फिरलं. कपाळावर एक आठी नाही.

"म्हणजे चारला संपते," त्या म्हणाल्या. "पलंगाखाली दुसरी बॅटरी बसेल?"

"बसेल. पण रविवारी गिऱ्हाईक येणार होतं ना?"

"त्याला तेव्हाच नाही म्हणून कळवलं. दोन बॅटऱ्या करा. साडेपाचपर्यंत पंखा चालला पाहिजे. ह्यांना म्हणावं, चार्जरच गेला होता."

"वहिनी, मला काहीच कळेना. आत कोण बसतं हे तुम्हाला ठाऊक आहे?"

वहिनींनी काच उजेडात धरून पाहिली, पुन्हा पुसली.

"ह्यांचे घामाचे शर्ट मीच धुते, भाऊ. बंद पडलेल्या त्या ऑफिसात एसी होता."