बिनखताचा वाफा

आपली तृप्ती दोन वर्षं पेठजवळच्या माळावर एकच गोष्ट मोजतेय, इंधनासाठी लावलेल्या हत्तीगवताला युरिया दिला की मातीतून हवा तापवणारा वायू किती निघतो. तुलनेला एक वाफा बिनखताचा, त्यात खताचा कणही पडला तर दोन्ही वर्षं पाण्यात. परवा त्याच वाफ्यावर वायू कोंडायला तिनं टब पालथा घातला, तर शेजारच्या शेतातल्या फकिराबाबांचा बैल नेमका तिथंच पाय ताणून उभा. “बाबा, हाकला ना त्याला.” “मुतत्या बैलाला हुसकत नाय, पोरी,” म्हणत बाबा उलट शीळ घालून त्याला चुचकारायला लागले. तृप्तीनं टब उचलला, म्हटलं आजचं मोजमाप गेलं तर गेलं, पण मुतातला युरिया वाफ्यात नको, आणि गुडघ्यांवर बसून बैलाखाली धरला. टब जड झाला, तो सांभाळत ती बांधाकडे निघाली. “सांडू नको हां,” बाबा म्हणाले, “आमच्या वांग्यांना होईल.”