हुर्यो

“गाणं सुरू झालं की हुर्यो उडवायची आणि टोमॅटो फेकायचे!” कोल्हापुरात भाड्याने जमवलेल्या गर्दीला मी बजावलं. एका भिकार रॉक बँडवरची आमची विनोदी, खोटी डॉक्युमेंटरी त्या फजितीवरच संपणार होती.

‘मोरी तुंबली, राणी!’ मुद्दाम बेसूर रेकॉर्ड केलेलं गाणं स्पीकरवर लागलं. नट नुसतंच वाजवल्याचं सोंग करत होते. तेवढ्यात वीज गेली.

ड्रमवर बसलेल्या आक्काताई थांबल्या नाहीत. वडिलांकडून शिकलेला हलगीचा ठेका त्यांनी ड्रमवर धरला. गायकाने तेच गाणं मोकळ्या गळ्याने उचललं. गर्दी टोमॅटो खिशात कोंबून नाचायला लागली.

“कट! अरे, हुर्यो कुठाय?” मी किंचाळलो.

पहिला टोमॅटो माझ्या कपाळावर फुटला.

“गप बसा की ओ साहेब!” पुढच्या रांगेतली म्हातारी ओरडली. “वन्स मोर!”