हिच्या दादाचं नाव

ताटावर झाकण ठेवल्याचा आवाज झाला आणि घर जागं झालं. भागूबाईंनी पहिली भाकर फौजेतल्या मुलासाठी झाकून ठेवली होती. लढाई थांबल्याला सव्वा वर्ष झालं. रोज पहिली भाकर त्या ताटात जायची आणि दिवस मावळला की शेळीपुढे.

"आत्याबाई, नगरला जाऊन येते. पोरीला दवाखान्यात दाखवते," मुक्ता सासूला म्हणाली.

भागूबाईंनी चार वर्षांच्या रतनच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं.

पाथर्डीची एसटी नगरला पोचायला दुपार झाली. तिथून विचारत विचारत भिंगारच्या पुढे, लष्कराच्या हद्दीत. लढाईत गेलेल्यांची नावं तिथे दगडावर कोरली आहेत, असं पोस्टमननं सांगितलं होतं. घरी दोन कागद आले होते. पहिल्या कागदात नवरा बेपत्ता असल्याचं लिहिलं होतं. दुसरा कागद गावातले मास्तर वाचत होते, ते 'कळविण्यास दुःख' इथपर्यंत आले आणि भागूबाईंनी कागद ओढून चुलीत घातला. पुढं काय होतं हे मास्तरांना विचारायला मुक्ता कधी गेली नाही. कपाळावरचं कुंकू तसंच राहिलं. हळदीकुंकवाला मात्र तिला कुणी बोलावलं नाही.

चुना लावलेल्या विटांची चौकट, मधे काळा दगड. चारी अंगांना नावं, इंग्रजीत. मुक्ताला मराठीसुद्धा वाचता येत नव्हतं. रतनला कडेवर घेऊन ती दगडाभोवती दोनदा फिरली. सगळ्या ओळी सारख्याच दिसत होत्या.

कडुनिंबाखाली स्टुलावर एक हवालदार बसला होता. आसाराम नाव त्याचं, पारनेरकडचा. त्याच्या मांडीवर नावांची यादी होती. कोणतं नाव दगडाच्या कुठल्या बाजूला, हे त्यात बघून तो दाखवायचा.

"कुणाचं बघायचं, ताई?"

"हिच्या दादाचं." रतन बापाला दादा म्हणायची.

त्यानं तिचं कुंकू पाहिलं आणि नजर यादीत घातली. "इथं समदेच कुणाचे ना कुणाचे दादा हायत, ताई. नाव सांगा."

मुक्तानं पदर पुढे ओढला. लग्नाला सहा वर्षं झाली होती. पहिल्याच दिवशी उंबऱ्यात भागूबाईंनी सांगितलं होतं, नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, त्याचं आयुष्य तुटतं. तिनं कधी सरळ घेतलं नाही. आणि गेलं सव्वा वर्ष तर जपून जपून वागली. दुष्काळी कामावर मुकादमानं हजेरीला पूर्ण नाव विचारलं, तेव्हा तिनं शेजारच्या राहीबाईला पुढे केलं होतं. आज राहीबाई नव्हती.

आसारामनं कागद विचारला. कागद नव्हता. मग तो रतनकडे वळला. तुझ्या दादाला काय म्हणतात, म्हणून विचारलं.

"बाळू," रतन म्हणाली. आजी तेच म्हणायची.

तो हसला. हसू लगेच आवरलं. बाळू नावानं फौजेत कुणी भरती करून घेत नाही, म्हणाला. मग आवाज उतरवून म्हणाला, "माझी बायको पन घेत न्हाई. 'अवं, ऐकलं का' म्हनती, तर क्वार्टरच्या लायनीतले आठ जण वळून बघत्यात. उखाण्यात घ्या, ताई. उखाण्यात चालतं."

उखाणा तिच्याजवळ होता. नवरा पहिल्यांदा सुट्टी संपवून गेला, त्या संक्रांतीला बायकांनी तिच्याकडून घेतला होता.

"पितळेची परात, चांदीचं ताट," ती पुटपुटली.

पुढच्या ओळीत त्याचं नाव होतं आणि शेवटी 'बघते मी वाट'. समोर तो दगड. ओळ पुढे येईना.

आसाराम थांबून राहिला. तिला वाटलं, उठावं आणि जावं. चारची एसटी मिळाली असती. उद्या सकाळी पुन्हा ताटावर झाकण वाजलं असतं, परवा वाजलं असतं. पुन्हा इथवर यायचं बळ आपल्याला गोळा करता येणार नाही, हेही तिला कळत होतं.

तिनं रतनला खाली ठेवलं. हात पदराला पुसले.

"गोरक्ष रखमाजी आव्हाड."

आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

आसारामचं बोट यादीवरून खाली उतरत गेलं. उतरता उतरता थांबलं. तो उठला, टोपी घातली आणि दगडाच्या मागच्या अंगाला गेला. ती मागोमाग गेली. खालून सातव्या ओळीवर त्यानं बोट ठेवलं.

"हे."

मग तो लांब जाऊन पाठमोरा उभा राहिला.

मुक्तानं त्या ओळीवर हात ठेवला. दगड उन्हानं तापला होता. चटका बसत होता, तरी तिनं हात काढला नाही. चार बोटांत सगळं नाव मावलं.

रतननं पदर ओढला. हवालदाराकडे एकदा बघितलं आणि त्याला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू बोलली.

"आये, तू दादाचं नाव घेतलंस. आजी म्हनती, नाव घेतलं का मानूस मरतं. आता दादा मरल का गं?"