झाकलेला कप

आमच्या फोटो क्लबनं सभासदांच्या घरच्यांसाठी ठेवलेल्या स्पर्धेचा विषय होता ‘वाट पाहणं’. बसथांबे झाले, दारात बसलेली मांजरं झाली. नावं लपवलेली, फोटोंना नुसते क्रमांक. एका फोटोपाशी मात्र मी आणि दुसऱ्या परीक्षक खासनीसबाई, दोघंही थबकलो.

टेबलाचा कोपरा, त्यावर चहाचे दोन कप. एक पिऊन संपलेला. दुसऱ्यावर काहीतरी काळं, गोल झाकलेलं.

“फ्रेम वाकडी आहे, उजेडही कमी,” मी म्हणालो. “पण हे झाकलंय तरी कशानं?”

“बशी नाही ही.” बाई पडद्याजवळ गेल्या. “डब्याचं झाकण असेल.”

“एवढंसं?”

“ते जाऊ दे. पण ज्याची वाट बघतायत ते माणूस घरातलंच हं. पाहुण्याला आपण नवा चहा टाकतो, झाकून नाही ठेवत.”

मला राहवेना. मी फोटो मोठा केला. ते लेन्सचं झाकण होतं. कडेला लाल नेलपॉलिशचा ठिपका. क्लबात अदलाबदल होऊ नये म्हणून बायकोच्या बाटलीतला असा ठिपका मी माझ्या सगळ्या सामानाला लावतो. हेच झाकण गेला आठवडाभर मी शोधत होतो. मग कपही ओळखू आले.

मी गुणांचा कागद बाईंकडे सरकवला. “याला तुम्हीच मार्क द्या. मी दिलेले चालणार नाहीत.”

“का हो? आणि निघालात कुठे?”

“चहा निवतोय माझा.”