मागच्या सीटची ऊब

डोंगरातल्या नारिन गावच्या थंडीत लोक रात्री गाडीची बॅटरी काढून घरात चुलीशेजारी ठेवतात. तालाईही ठेवायचा. तरी त्याची गाडी नुसती उभी राहिली, की तासाभरात बॅटरी ठार. आणि आज बायकोला, बुरुलला, कळा सुरू झालेल्या. दवाखाना खिंडीपलीकडे.

"काहीतरी कर असानदादा, हात जोडतो!" तो शेजाऱ्याला म्हणाला.

असानने मीटर जोडला. गाडी बंद, तरी काटा चढलेला; काहीतरी बॅटरी ओढत होतं. तो एकेक फ्यूज उपटत गेला, आणि एका फ्यूजला काटा शून्यावर आला.

"मागची सीट तापवायचा फ्यूज. बटण चालू ठेवलंस की रे, शहाण्या!"

"बटण बंदच आहे. आणि मागे बसतंय कोण?"

असानने फ्यूज खिशात टाकला, स्वतःच्या गाडीवरून वायरी लावल्या. इंजिन सुरू झालं.

तेव्हा तालाईला दिसलं. सगळ्या काचांवर आतून बर्फ साचला होता. मागच्या एकाच काचेवर तोंडाएवढी जागा मोकळी होती. ती वाफेनं धूसर झाली. मग निवळली. मग पुन्हा धूसर झाली.

असानने नजर वळवली.

बुरुल भिंतीला धरत बाहेर आली. तालाईने मागचं दार उघडलं. "बस गं, बस लवकर!" तो रडकुंडीला आला होता.

ती बसेना. कळ सोसतच तिने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला, सासरच्या थोरांपुढे सून वाकते तशी वाकली, आणि रिकाम्या सीटला हळूच म्हणाली,

"जरा सरकता का?"