अकरा सेकंद

“आधी तोल, मग उडी. रोज. ज्याचा तोल त्या दिवशी ढळेल त्याला बाकावर चढू देऊ नकोस, आणि आकडा येईल तोच वहीत लिही. लिहायला हात धजला नाही, तर वही घेऊन माझ्याकडे ये.”

थिसिसचे तिचे गाइड, धनाजीराव सर, यांनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “येईन सर,” असं शलाका तेव्हा म्हणाली होती. आज वासणा भागात हेरंबच्या घराचा जिना चढताना पायरीपायरीला तिला तेच ऐकू येत होतं.

हेरंब कॉटवर होता. उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये, खाली दोन उशा. प्लास्टरवर संघातल्या पोरांनी स्केचपेनने सह्या ठोकलेल्या, बहुतेक गुजरातीत. कुणीतरी मिशांवाला फुटबॉल काढला होता.

“या ताई. सगळे सही करून गेले, तुम्हीच तेवढ्या राहिलात,” असं म्हणत त्याने उशाखालून पेन काढलं.

“आधी तिला बसू दे,” त्याची आई, इंदिराबाई, खिचडीची बशी घेऊन बाहेर आल्या. “बस गं. ह्याच्यापायी तुझं काम अडलं, मलाच मेली लाज वाटते. मारुतीला पाच शनिवार बोललेय मी. ह्याचा पाय बरा होऊ दे आणि शलाकाचा थिसिस तडीला जाऊ दे. एकाच नवसात दोन्ही घातलं. चालतं ना?”

शलाकाने बशी हातात घेतली. साबुदाणा मोकळा, मऊ, वर ओलं खोबरं. तिला घास उचलवेना.

बाकावरच्या उड्यांच्या सरावाने फुटबॉल खेळणाऱ्यांचा तोल किती सुधारतो, हा तिच्या थिसिसचा विषय. सहा आठवडे, बारा मुलं. रोज उड्यांआधी एकेकाने डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं आणि तिने घड्याळ लावायचं. “डोळे मिटा, मी बघतेय,” असं ती प्रत्येकाला म्हणे, आणि ती वाढलेली, दांडगी पोरं निमूट डोळे मिटत. एक दिवस चुकला की तो मुलगा बाद, आणि बारातला एकही कमी होऊन चालणार नव्हतं. आणि हेरंब बाकावरून पडला त्या दिवशी सहावा आठवडा संपायला चारच दिवस उरले होते.

“कोच सगळ्यांसमोर बोलले मला,” हेरंब सांगत होता. “ह्याचं चित्त थाऱ्यावर नसतं, म्हणे. बाकावरून नीट उतरता येत नाही तो हेडर काय मारणार! पुढच्या वर्षी घेतील असं वाटत नाही.”

“घेतील रे,” इंदिराबाई म्हणाल्या. “पण लक्ष ठेवायला नको का? जीव तोडून शिकवतात ते तुम्हाला.”

“तेच तर. ताई, एक विचारू? आदल्या दिवशी घोटा थोडा मुरगळला होता माझा. म्हणून सकाळी उभा राहिलो तेव्हा मला वाटलं, पाय लगेच टेकला. पण तुम्ही म्हणालात, चौतीस. म्हटलं, आपलाच वहेम. घड्याळ थोडंच खोटं बोलणार? म्हणून चढलो बाकावर.”

तो हसला. तिच्यावर काही आळ घ्यावा, असं त्याच्या मनातही नव्हतं. तेच तिला सोसेना.

“सही करा ना.”

शलाकाने बशी खाली ठेवली. पेन घेतलं. प्लास्टरवर जागा अशी नव्हतीच, फक्त घोट्यापाशी दोन बोटं रिकामी होती. तिथे वाकून तिने बारीक अक्षरात लिहिलं: ११ सेकंद. खाली तारीख, आणि त्याखाली पुरं नाव.

हेरंबने मान तिरकी करून वाचलं. पुन्हा वाचलं.

“चौतीस नव्हते?”

“नाही.”

“काय लिहिलंय?” इंदिराबाईंनी विचारलं. “अकरा कसले?”

“काकू, ह्याचं चित्त थाऱ्यावरच होतं,” शलाका म्हणाली. “तोल गेलेला मला दिसला होता. मी खोटा आकडा सांगितला आणि त्याला वर चढवलं. माझी मुलं बाराची अकरा झाली असती म्हणून.”

खालून भाजीवाल्याची आरोळी आली. कुणी उठलं नाही. हेरंब घोट्यावरच्या त्या दोन आकड्यांकडे बघत राहिला. इंदिराबाईंनी न खाल्लेली बशी उचलली, आत जाता जाता दारात थांबल्या. वळल्या नाहीत.

“नवस मी दोघांचा बोललेय,” त्या म्हणाल्या. “आता मला तो मोडता यायचा नाही.”

शलाका उठली. दारात उभ्याने चप्पल चढवताना एका पायावर तिचा झोक गेला, तिने भिंत धरली.

खाली येऊन तिने पिशवीतली वही चाचपली, पिशवी लुनाच्या हँडलला अडकवली. तिचं घर डावीकडे होतं. उजवीकडचा रस्ता गावात जाणारा, मांडवीकडे. सर तिथे राहत, आणि आजच्यासारख्या शनिवारी दुपारी घरीच असत.

तिने वर पाहिलं. गॅलरीत हेरंब कठडा धरून उभा होता, एका पायावर. ती कुठे वळते ते उघड्या डोळ्यांनी बघत होता.

तिने लुना उजवीकडे वळवली.