बायनाबाईचा चायना फोन

"आता वायरला हात लावायचा नाही," मोबाइल दुरुस्तीवाला संगमेश म्हणाला. "टेबलालाही नाही."

बायनाबाईने टेबलावर टेकलेला हात उचलून पदराखाली घेतला. तिचा चायना फोन वायरच्या टोकाला पडला होता. सकाळपासून त्याचा पडदा नुसता पांढरा व्हायचा आणि तिथंच थांबायचा. आतलं सॉफ्टवेअर बिघडलं होतं. ते पुसून नव्याने भरायचं होतं.

दुकानासमोर ऊसतोडीचा ट्रक उभा होता. त्यात भांडी, सरपण, कोयते भरले होते आणि बायनाबाईचा नवरा बसला होता. ट्रक आता कर्नाटकात जाणार होता आणि सहा महिन्यांनी परळीला परतणार होता. मुलगी करिष्मा बीडला वसतिगृहात होती, दहावीला. फडातून तिच्याशी बोलायला हा एकच फोन होता. निघायच्या आधी फोन करते, असं बायनाबाई तिला सांगून बसली होती.

"नंबर इकडचे तिकडं करू नका, दादा," ती म्हणाली.

"नंबर सिममध्ये आहेत, मावशी. सिम मी काढून ठेवलंय. एक नंबर जाणार नाही."

"जातील म्हणत न्हाई मी. जागचे हलू देऊ नका."

संगमेश हसला. असल्या शंका रोज यायच्या. चार वर्षांत त्याच्या हातून एकही फोन मेला नव्हता, कारण तो घाई करत नसे. वायर जोडण्याआधीच त्याने बॅटरी पूर्ण भरून घेतली होती. लाइट गेली तरी कॉम्प्युटर बंद पडू नये म्हणून इन्व्हर्टर तपासला. जुनं सॉफ्टवेअर बिघडलेलं होतं, तरी तेही आधी उतरवून ठेवलं. मागे यायची वाट हवी. मग फोन उघडून आतल्या प्लेटवरची परळीच्या थर्मल वीजकेंद्राची उडून बसलेली राख फुंकली, तिच्यावरचा आकडा दोनदा वाचला आणि त्याच आकड्याची फाइल निवडली. हे फोन बाहेरून सारखे दिसतात, आतून वेगळे असतात. चुकीची फाइल गेली की फोन कायमचा संपतो.

आता त्याने बटण दाबलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर पट्टी सरकू लागली.

टोळीचा मुकादम त्रिंबक पायरीवर येऊन उभा राहिला. "काय बे डॉक्टर, बाळंत व्हती का न्हाई? का सिझर करायचं?"

"दोन मिनिटं."

"तुझी दोन मिनिटं लई मोठी हायेत. बायनाबाई, ऊस काय तुझी वाट बघत उभा ऱ्हाणार हाय का?"

"उभाच ऱ्हातोय की त्यो," बायनाबाई म्हणाली. "तोडल्याबिगर कुठं जातोय."

पट्टी पूर्ण भरली. संगमेशने वायर काढली, सिम घातलं, फोन सुरू केला. पांढरा पडदा गेला. रंग आले, चित्रं आली, घंटी वाजली. तो खूश झाला आणि लगेच थांबला.

चित्रांखालची सगळी अक्षरं चिनी होती.

अंदाजाने तो भाषा बदलायच्या जागी पोचला. तिथं दोनच ओळी होत्या. दोन्ही चिनी. फाइल प्लेटला बरोबर बसली होती, पण इंग्रजी तिच्यात नव्हतंच. दुसरी फाइल उद्याशिवाय मिळणार नव्हती. बाहेर ट्रकचं इंजिन सुरू झालं.

"मावशी," तो खाली बघत म्हणाला, "चुकलं माझं. असा फोन तुम्हाला देता येत नाही."

"चालू हाय ना?"

"चालू आहे, पण..."

"नंबर हलले का?"

"नाही. पण ऐका..."

"मग आना इकडं."

तिने अंगठा पदराला पुसला. उजवीकडचं वरचं बटण एकदा दाबलं, नंबरांची यादी उघडली. मग खाली सरकायचं बटण दाबू लागली. उसाच्या मोळ्या मोजताना हलावेत तसे तिचे ओठ हलत होते. पाचाला थांबली. हिरवं बटण दाबलं आणि फोन कानाला लावला. चायना फोनचा आवाज मोठा. सगळ्या दुकानाला ऐकू आलं.

"आई? किती उशीर केलास गं. निघालीस का?"

"निघाले. जेवलीस का तू?"

बोलणं झालं. बायनाबाईने फोन कनवटीला लावला आणि पायरी उतरली. संगमेश तिच्यामागे बाहेर आला.

"मावशी, त्यातली भाषा बदललीय. आता ती चिनी आहे. परत आलात की या, मी पहिली करून देतो."

ट्रकच्या फळीवर एक पाय ठेवून बायनाबाईने मागे वळून पाहिलं.

"पहिली कोणती व्हती?"